हळदकुंकू लावलेली ब्युरेट

दसऱ्याच्या दुपारी सारंगने तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा ऋतुजाने श्रीखंडाचं भांडं ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

“आत्ताच दिलं ना तुला. दुपारचं मोजून दिलेलं पाणी संपलं तुझं.”

“घोटभर दे. जीभ टाळूला चिकटून राहिली माझी.”

“काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“लोणच्याची बरणी उघडी होती.”

“ऋतू, मी खोटं कायले बोलू?”

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं ते त्याचं रक्त गाळणाऱ्या पेटीच्या पडद्याकडे. तिथे हिरव्या अक्षरांत पाण्यातल्या मिठाचा एकशे अडतीस हा आकडा होता, जसा असायला हवा तसा. पेटीतलं पाणी बरोबर, म्हणजे तहान बाहेरून आलेली. म्हणजे लोणचं. नवऱ्यापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवायची सवय लागायला तिला वर्षही लागलं नव्हतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला वाटतही नव्हतं.

आमझरीत आता गल्लीगल्लीत पेट्या होत्या. वर्षानुवर्षांच्या उन्हाने गावातल्या कितीतरी जणांची मूत्रपिंडं निकामी केली होती. आधी शेतातली माणसं गेली, मग रस्त्यावरची, मग मैदानावरची. सारंग शाळेत कबड्डी शिकवायचा. भर दुपारी पोरांबरोबर मैदानात घाम गाळणारा हा गडी चाळिशीच्या आत खुर्चीला जखडला गेला. पूर्वी अशा माणसाला जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागत. आता घरातच खिडकीशी पेटी असते. दंडातून एक नळी रक्त बाहेर आणते, दुसरी परत नेते. मधे एक झिरझिरीत पापुद्रा असतो. पापुद्र्याच्या अलीकडे रक्त, पलीकडे निरोगी रक्ताइतकंच खारट केलेलं पाणी. ज्या बाजूला एखादा पदार्थ जास्त, तिकडून तो कमी असलेल्या बाजूला जातो, हा द्रावणांचा साधा स्वभाव. रक्तातली घाण पलीकडे निघून जाते, कारण पलीकडे ती मुळीच नसते. मीठ मात्र दोन्हीकडे सारखं म्हणून जागच्या जागी राहतं.

सगळी मेख त्या ‘सारखं’मध्ये आहे. पलीकडचं पाणी अळणी झालं तर रक्तातलं मीठ निघून जातं. जास्त खारट झालं तर मीठ उलट रक्तात शिरतं, आणि मग ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं. आधी तहान लागते, मग डोकं दुखतं, मग माणूस बरळू लागतो, मग झटके येतात.

हे खारं पाणी आमझरीच्या अर्कघरात तयार होई. तिथे टाकीत दाट अर्क बनवायचा, कॅनमध्ये भरायचा आणि घरोघर पोचवायचा. पेटी एक भाग अर्कात चौतीस भाग पाणी मिसळून घेई आणि त्यातून बारीकशी वीज सोडून बघे. पाण्यात मिठाचे कण जितके जास्त, तितकी वीज जास्त वाहते. त्यावरून पेटी मिठाचा आकडा मांडे. ऋतुजा काळमेघ ही अर्कघराची रसायनतज्ज्ञ. टाकीत एका वेळी बनलेला प्रत्येक घाणा तपासून त्यावर सही करायची, हे तिचं काम.

पण विजेच्या मोजमापात एक खोट होती. पाणी तापलं तरी वीज जास्त वाहते. गेल्या मे महिन्यात पारा असा चढला की गावातल्या झाडून सगळ्या पेट्या एकदम जास्त आकडा दाखवू लागल्या. अर्क बिघडला असं समजून ऋतुजाने एका फटक्यात सगळ्या पेट्या थांबवल्या. अर्क चांगलाच होता, खोटे होते ते तापलेले मापक. ते कळेपर्यंत दोन दिवस गेले, दवाखाने भरून वाहिले, आणि बाजारपेठेतल्या शेवंताबाई गावंडे नावाच्या म्हातारीचा जीव गेला. कोणी ऋतुजाला बोल लावला नाही. तिने स्वतःच कानाला खडा लावला.

त्यानंतर पेट्यांना ‘एकमत’ शिकवण्यात आलं. ही मागणी ऋतुजाचीच. एखादी पेटी एकटीच वेगळं बोलू लागली तर तिचा मापक बिघडला असं समजायचं. सगळ्या मिळून एकाच दिशेला सरकल्या तर उन्हाचा परिणाम समजायचा, आणि अर्कघरातल्या गार खोलीत मोजलेला आकडा खरा धरून सगळ्यांनी आपापले मापक त्याच्याशी जुळवून घ्यायचे. तेव्हापासून खोट्या घंटा बंद झाल्या. गाव निवांत झोपू लागलं. पेट्या थांबवायच्या की नाही, हा प्रश्नच तिच्यापुढे पुन्हा आला नव्हता.

दाराची कडी वाजली. वरच्या मजल्यावरच्या खापर्डेकाकू उभ्या होत्या. हातात रिकामं पातेलं होतं.

“ऋतुजा, बरफ आहे का वं? यायले सकाळपासून पानी पानी होऊन राहिलं. पेटी लावली तं अजूनच वाढलं.”

“काकांनी काही खाल्लं का खारट?”

“काय खाते बापा? तोंडाले चवच नाई म्हनते. डोकं धरून बसले.”

“पेटीवर आकडा काय आहे?”

“तोच. हिरवाच आहे.”

ऋतुजाने फ्रीजमधला सगळा बर्फ काकूंच्या पातेल्यात ओतला. त्या जिना चढून गेल्या तरी ती दार धरून उभीच राहिली. एका घरात लोणच्याची बरणी उघडी असू शकते. पण खापर्डेकाकांसारखा काटेकोर माणूस, जो एकादशीलाही भगर अळणी खातो, तोही त्याच दिवशी चोरून खारट खातो? सगळ्या पेट्या एकच सांगत होत्या, कारण सगळ्यांनी एकाच आकड्याची री ओढली होती. आणि तो आकडा तिने दिलेला होता.

ती पेटीपाशी आली. बंद करावी? तिचा हात खटक्यापर्यंत गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिला शेवंताबाईंचा मुलगा आठवला, दवाखान्याच्या पायरीवर चपला उराशी धरून बसलेला. आज पुन्हा चुकलं तर? सारंगच्या अंगात साचलेलं पाणी आज निघालं नाही तर उद्या त्याचा श्वास अडेल. तिने खटका सोडला, अर्काच्या कॅनमधून छोटी बाटली भरली आणि स्कूटरची किल्ली घेतली.

“कुठं निघाली?” सारंगने विचारलं. त्याचे डोळे तांबारले होते.

“अर्कघरात. आलेच. पेटी चालू राहू दे.”

“अन् पाणी?”

“आल्यावर,” ती म्हणाली आणि गेली.

रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा सडा होता आणि ऊन मात्र वैशाखाचं. अर्कघरात बोंद्रेकाका एकटेच होते. गजानन बोंद्रे म्हणजे टाकीचे चालक, निवृत्तीला टेकलेले. कपाळावर कालचा टिळा तसाच होता. कोपऱ्यात पाट मांडलेला होता. त्यावर पाने-पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, वजनाचा काटा आणि मधोमध ऋतुजाची ब्युरेट. म्हणजे तळाला तोटी असलेली, अंगावर आकडे कोरलेली उभी काचेची नळी. तिला हळदकुंकवाची बोटं लावलेली होती आणि गळ्यात झेंडूची माळ होती. खंडेनवमीला ही पूजा दोघांनी मिळूनच केली होती.

ऋतुजाने माळ काढली आणि ब्युरेट उचलली.

“मॅडम, उत्तरपूजा नाई झाली अजून,” बोंद्रेकाका चपापले. “आज तं कोनी हात नाई लावत हत्याराले.”

“देवी माफ करेल, काका. सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढा.”

काल ती हेच वाक्य बोलली असती तर आज धावायची वेळ आली नसती. प्रत्येक घाणा हाताने तपासायचा, हा नियम होता. पण काल नवमी होती, ब्युरेट पाटावर होती, टाकीवरचा मापक बरोबर आकडा दाखवत होता. एक दिवस हत्यारांना विश्रांती, असं म्हणत तिने तोच आकडा पेट्यांना दिला होता आणि न तपासताच सही केली होती. सणासुदीला एवढं चालतं, असं तिला वाटलं होतं.

हाताने मोजायची ही रीत जुनी आहे आणि विजेवर अवलंबून नाही. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की मिठातलं क्लोराइड चांदीला पकडतं आणि दह्यासारखा पांढरा साका तयार होतो. थेंबाथेंबाने टाकत राहायचं. जोवर क्लोराइड शिल्लक आहे तोवर साका पांढराच. ते संपलं की पुढचा थेंब पाण्यात आधीच घातलेल्या पिवळ्या क्रोमेटला धरतो आणि सगळं विटकरी होतं. किती थेंब लागले, त्यावरून किती मीठ होतं ते कळतं. ऊन असो की सावली, कणाला कण मोजला जातो.

आधी तिने घाण्याचा राखून ठेवलेला नमुना घेतला. काल टाकीवरच्या तोटीतूनच भरलेला. तो मापून पातळ केला, आंबटपणा मारायला चिमूटभर सोडा घातला, क्रोमेट टाकलं. तोटी सोडली. बारा, तेरा. तिने हात हळू केला. चौदाच्या रेघेवर द्रावण विटकरी झालं.

चौदा म्हणजे अगदी बरोबर. अर्क बरोबर होता, पेट्या बरोबर होत्या. सारंगने लोणचं खाल्लं होतं आणि खापर्डेकाकांनी आणखी काही. बोंद्रेकाका म्हणाले, “पाहा, म्या म्हनलं नोहतं?” त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं, पण तिला ते ऐकून बरं वाटलं. घरी जाऊन सारंगला चांगलं फैलावर घ्यायचं, असंही तिच्या मनात आलं.

मग तिची नजर घरून आणलेल्या बाटलीवर गेली. आलोच आहोत तर हेही उरकून टाकू, म्हणून तिने ब्युरेट पुन्हा भरली.

बारा. तेरा. चौदा. साका पांढराच. तिला वाटलं, क्रोमेट घालायचं विसरले, पण पिवळा रंग समोर दिसत होता. साडेचौदा. पंधरा. नळीवरचं कुंकू तिच्या घामेजल्या बोटांना लागलं. साडेपंधरा. तिला तोटी बंद करवेना आणि पुढे बघवेना. सोळाच्या पुढे गेल्यावर एकदाचं ते विटकरी झालं.

तिने मनातल्या मनात गुणाकार केला. एकशे अडतीसच्या जागी एकशे साठ. सारंगच्या रक्ताशेजारून दुपारपासून एकशे साठ वाहत होतं.

“एकच घाणा, आणि दोन आकडे,” ती म्हणाली. “काका, हे कसं होईल?”

ती टाकीपाशी धावली. भिंतीवरच्या फलकावर ढवळणीचा दिवा लागलेला होता. पण टाकीच्या झाकणावर, ढवळणीच्या दांड्याला बांधलेली झेंडूची माळ अजून जागच्या जागी होती, एकही फूल न विस्कटता. दांडा फिरत असता तर ती माळ केव्हाच तुटून पडली असती.

“आरतीपुरतं बंद केलं होतं म्या,” बोंद्रेकाका हळूच म्हणाले. “इथल्या खटक्यानं. यंत्राले बी घडीभर इसावा. मंग परसाद वाटला, अन्... चालू कराचं राहूनच गेलं बापा.”

फलकावरचा दिवा वीज आहे एवढंच सांगत होता, दांडा फिरतो आहे असं नाही. आता सगळं उलगडलं. न ढवळलेल्या चहात साखर तळाशी बसते आणि पहिला घोट फिका लागतो, तसंच झालं होतं. जड, खारट अर्क तळाशी आणि वर फिकं पाणी. मापक टाकीच्या वरच्या भागात. त्याला फिकं दिसलं, म्हणून यंत्राने आणखी मीठ सोडलं, वरचा थर बरोबर होईपर्यंत सोडतच राहिलं. नमुना वरच्या तोटीतून घेतला. कॅन भरले ते तळाच्या तोटीतून. जे आधी भरले, ते सगळ्यांत खारट. मग घरोघरच्या पेट्यांना आकडा जास्त दिसला, त्या सगळ्या एकदम म्हणाल्या, ऊन आहे, आणि मुकाट्याने आपले काटे मागे सरकवले.

तिने सारंगला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तेच. खापर्डेकाकूंचाही लागेना. सीमोल्लंघनाहून परतून बाकीचे लोक आता पेट्यांना बसू लागतील, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने तिसरा फोन डॉक्टर रंभाडांना लावला. जिल्ह्यातल्या सगळ्या पेट्या त्यांच्या अखत्यारीत होत्या.

“सगळ्या पेट्या थांबवतेय,” ती म्हणाली. “नवमीचा घाणा खारट आहे.”

“थांबा, थांबा. माझ्यासमोर सगळ्यांचे आकडे आहेत. एकूणएक हिरवे.”

“त्या मी दिलेल्या आकड्याला मान डोलवताहेत, सर. तो आकडाच खोटा आहे.”

“एवढ्या पेट्या चूक आणि तुमची एक नळी बरोबर? मे महिन्यात काय झालं, विसरलात?”

“नाही विसरले. म्हणूनच विचारत नाहीये, सांगतेय.”

“हाताने तपासल्याची सही आहे तुमची या घाण्यावर.”

“सही आहे. तपासलं नव्हतं.” ती म्हणाली. “चूक माझी आहे. नंतर काय ते करा. मागच्या घाण्याचे कॅन गोदामात आहेत, बोंद्रेकाका गाडीत भरतील. ज्यांचं अर्धवट राहील त्यांना ते पुरतील.”

तिने फोन ठेवला, फलकावरचं लाल झाकण उघडलं आणि कळ दाबली. गावभरच्या पेट्या एकेक करून थांबू लागल्या. फलकावरचे पेटीगणिक लागलेले हिरवे ठिपके विझत गेले. बोंद्रेकाका मागे उभे राहून ते बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. “कॅन भरा, काका,” ती म्हणाली. “रडायला अख्खी रात्र पडलीय.”

घराकडे येताना प्रत्येक चौकात लोक आपट्याची पानं देत-घेत होते. कोणीतरी तिची स्कूटर अडवून तिच्या हातात पान ठेवलं आणि म्हणालं, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” तिने ते मुठीत दाबलं. वाटेत समोरून रुग्णवाहिका गेली. ती आपल्याच गल्लीतून आली हे तिने पाहिलं आणि कोणाला नेलं हे विचारायची तिची छाती झाली नाही. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

सारंग जिन्यात बसला होता. दंडाला फडकं गच्च बांधलेलं, नळ्या काढलेल्या. डोकं भिंतीला टेकवलेलं, पण डोळे उघडे होते. ती त्याच्यासमोर पायरीवर बसली.

“पेटी थांबली की तू काढलीस?”

“तू गेली अन् थोड्याच वेळात काढली. पडद्यावर बरोबर होतं. माझ्या तोंडात नव्हतं.” त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते. “मग वर गेलो. म्हटलं, काका, तुम्ही बी काढा. ऐकायलाच तयार नाहीत. मला म्हणाले, पेटीवाल्या बाईचा नवरा तू, अन् तुझाच पेटीवर भरोसा नाही?”

“मग?”

“मी बसून राहिलो त्यांच्यापाशी. काकू रडू लागल्या. मग पेटी आपोआपच थांबली. अन् तेव्हाच त्यांना झटके सुरू झाले.” तो थांबला. “घेऊन गेले. श्वास चालू होता.”

ऋतुजाने मूठ उघडली. आपट्याचं पान चुरगळलं होतं, आणि तिच्या बोटांवर कुंकू आणि सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग एकत्र माखले होते. काल ब्युरेट पाटावर होती म्हणून तपासलं नाही, हे तिने त्याला तिथेच, पायरीवर बसून सांगितलं. सगळं सांगितलं. खापर्डेकाकूंनाही सांगावं लागेल, हेही म्हणाली. सारंगने ते ऐकून घेतलं. तिला धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. वरच्या मजल्यावर उघडं दार वाऱ्याने आपटत होतं.

मग ती घरात गेली. ओट्यावर त्याचा तो पेला होता, अंगावर रेघा असलेला. दुपारपासून रिकामाच. तिने माठातून तांब्या भरला आणि पेला हातात घेतला. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, एकदम किती द्यायचं, कसं द्यायचं. ते ती विचारणारच होती. खिडकीशी पेटीचा पडदा काळा झाला होता. आधी कोणाला विचारायचं हे तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कळलं.

ती जिन्यात परत आली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“सांग,” ती म्हणाली. “किती तहान लागलीय?”